शेवाळ पाळणारे घरमालक

खोली दाखवण्याआधी सरांनी मला गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवली. झाकण उघडलं, आत डोकवायला लावलं आणि विचारलं, "काय दिसते?"

"पाणी," मी म्हटलं. "आणि कडेला शेवाळ. टाकी साफ करून घ्यावी लागेल."

"मंग आपलं जमत नाई," असं म्हणून त्यांनी झाकण लावून टाकलं.

माझी नोकरी सेवाग्रामला, दवाखान्याच्या भांडारात. वर्ध्यात खोली शोधत मी दमले होते. उजेड, स्वतंत्र नळ आणि जवळ बसथांबा या तिन्ही गोष्टी असलेली ही एकच खोली सापडली होती. ती टाकीपायी सोडणं मला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, "नाही साफ केली तरी चालेल. प्यायचं पाणी मी खालून भरीन." सरांचा चेहरा खुलला. खोली मिळाली. अटी अशा की टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, शेवाळावरून पाय घसरला तर शेवाळाला नावं ठेवायची नाहीत, आणि कामानिमित्त ज्या गावी जाईन तिथल्या तळ्याचं नाहीतर डबक्याचं पाणी बाटलीभर आणायचं.

आता सर नाहीत. त्यांच्या बायको, आमच्या काकू, लेकीकडे यवतमाळला असतात. घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी गच्चीवर प्लास्टिकची काळी टाकी बसवली. मला कुठलीही गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे. भांडार सांभाळणाऱ्या माणसाला ती लागतेच. पण सर क्रमानं आठवत नाहीत. कधी गोरस पाक, ती वर्ध्याची तुपातली बिस्किटं, खाताना आठवतात, कधी एखाद्या पुलाखालचं हिरवं पाणी दिसलं की आठवतात. आठवतात तसेच सांगते.

सर एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, प्लॉट पाहत फिरतात. सरांनी शेवाळ पाळलं. शब्द त्यांचाच. "लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. मी शेवाळ पाळतो. भुंकत नाई, चावत नाई, उजेडात ठेवलं का खूश."

ओट्यावर, खिडक्यांच्या कठड्यांवर, न्हाणीघराच्या झरोक्यात बाटल्याच बाटल्या. जॅमच्या, सॉसच्या, औषधांच्या. प्रत्येकीवर कागदाची पट्टी: अल्लीपूर, गुरांचा हौद. वडनेर, देवळामागचं तळं. सेवाग्राम रस्ता, पुलाखालचं डबकं. पट्ट्या लावलेल्या बाटल्या पाहून मला त्या घरात पहिल्याच दिवशी बरं वाटलं. फरक इतकाच, की माझ्या भांडारात वस्तू जागच्या जागी असे. इथे चष्म्याच्या जागी बाटली आणि बाटलीच्या जागी चष्मा सापडायचा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक ड्रॉपर असे. पेन विसरत, ड्रॉपर कधी नाही. मी आल्यानंतरचे काही महिने त्यांची स्कूटर चालू होती आणि तिच्या डिकीत अवजारांऐवजी रिकाम्या बाटल्या खणखणत. एकदा मला अल्लीपूरला आरोग्य शिबिराचं सामान पोचतं झालं का ते पाहायचं होतं. सर म्हणाले, "चाल, मी सोडतो." रस्त्यात जिथे जिथे पाणी साचलेलं होतं तिथे तिथे आम्ही थांबलो. अल्लीपूरला ते एका शेतकऱ्याच्या हौदावर ओणवे झाले, तेव्हा तो शेतकरी ओशाळून म्हणाला, "गुरुजी, लय घाण झाला जी हौद. उद्याच घासून टाकतो."

"घासशीन त पाह्यजो!" सर एवढ्या जोरात ओरडले की हौदावरची म्हैस मागे सरली. मग हळू आवाजात म्हणाले, "अरे, याच्यात किती मोठं राज्य चाललं हाय, तुले मालूम नाई."

ते राज्य कोणतं, हे मला कळायला वेळ लागला. शेवाळ म्हणजे दगडावरची बुळबुळीत हिरवी घाण, एवढंच मला ठाऊक. सरांचं शेवाळ त्याहून बारीक होतं. एकेक पेशी सुटी, डोळ्यांना न दिसणारी. कोट्यवधी जमल्या की पाणी हिरवं होतं. वडनेरच्या तळ्यात त्यांना एक सूक्ष्म प्राणी सापडला होता, ज्याच्या पोटात असं हिरवं शेवाळ राहतं. पोटात आहे तोवर ते सुखरूप. बाहेर पडलं की त्याच्यावर टपलेला एक विषाणू त्याला गाठतो आणि फोडून टाकतो. "माहेरी हाय तोवर कोणी बोट लावत नाई," सर म्हणायचे. काकूंचं माहेर वडनेरचंच. भाजी निवडता निवडता त्या म्हणत, "एवढं एक खरं सांगतलं तुमी आजवर."

हे सगळं सरांनी निवृत्तीनंतर वाचलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करणारा त्यांचा जुना विद्यार्थी त्यांना लेख पाठवत असे, आणि सर ते दुपारभर वाचत बसत. पण वाचून त्यांचं समाधान होत नव्हतं. काचेच्या बशीत शेवाळाचा हिरवा थर लावायचा, त्यावर तळ्याचं गाळलेलं पाणी टाकायचं. त्या पाण्यात विषाणू असेल तर काही दिवसांनी हिरव्या थरात स्वच्छ, पारदर्शक भोकं पडतात. परदेशातल्या बशांचे फोटो त्यांनी पाहिले होते. त्यांना ती भोकं आपल्या जिल्ह्यातल्या पाण्याची हवी होती आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. एवढी एकच इच्छा. ती त्यांनी कधी लपवली नाही. दूधवाल्यालाही ती माहीत होती.

एका संध्याकाळी शेजारची सून विरजण मागायला आली. काकूंनी वाटीत दह्याची कवडी घालून दिली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच सर माझ्याकडे वळले. "पाह्यलं? हेच चालते शेवाळात आन् व्हायरसात."

"आता विरजणाचं काय झालं?" काकू म्हणाल्या.

"तुह्या घरचं दही मूळ कुठचं?"

"माह्या मायचं. वडनेरहून आणलं व्हतं, लगन झालं तवा."

"ते तू शेजारी देल्लं. मागच्या उन्हाळ्यात तू लेकीकडे गेलतीस, आपलं दही नासलं. मंग तू विरजण कुठून आणलं?"

"शेजारूनच."

"मंग आता आपल्या घरचं दही कोणाचं? तुह्या मायचं का शेजारणीचं?"

काकूंनी भाजी निवडायची थांबवली. सरांनी मला समजावलं. विषाणू शेवाळाच्या पेशीत शिरतो तेव्हा नुसती तोडफोड करून जात नाही. कधी त्या पेशीचं एखादं जनुक, म्हणजे एखादी वस्तू कशी बनवायची याची कृती, तो आपल्यासोबत उचलून नेतो. मग दुसऱ्या शेवाळात शिरतो. क्वचित त्यातलं काही तिथे राहून जातं, आणि ते शेवाळ वाचलं तर त्याच्या पुढच्या पिढ्यांकडेही जातं. असं युगानुयुगं चाललंय. म्हणून या विषाणूंकडे अशा कृती सापडतात ज्यांचं विषाणूला काय काम असा प्रश्न पडावा; आणि काही शेवाळांच्या जनुकांमध्ये जवळजवळ अख्खा विषाणूच बिऱ्हाड करून बसलेला सापडतो. कोणी कोणाकडून काय घेतलं, हे आता सांगणंही कठीण.

"म्हंजे रोग येते, आन् जातानी घरात काई ठेवून जाते?" काकूंनी विचारलं.

"कधी कधी."

"मले त सर्दीनं आजवर काई देल्लं नाई. रुमाल तेवढे नेले."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी द्यायला काकूच उठल्या.

त्यांचं एक वाक्य त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ होतं, आणि पुढे मलाही झालं: "आधी पाह्य, मंग थांब, मंग बोल." वर्गात कोणी घाईनं उत्तर दिलं तर ते म्हणे त्याला खिडकीशी उभं करून बाहेरचं झाड पाहायला लावत. मीसुद्धा एकदा वरून ओरडले होते, "सर, नळ गेला!" त्यांनी खालून शांतपणे विचारलं, "पाह्यलं का? थांबली का?" नळ खरोखर गेला नव्हता, तोटी अडकली होती.

म्हणून तुरटीचा दिवस मला जास्त लक्षात राहिला. त्या दिवशी सर थांबले नाहीत.

ओट्यावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती. तिच्यात सरांनी वडनेरच्या त्या शेवाळाची वाढ केली होती. पाणी गडद हिरवं, पालकाच्या रसासारखं. त्यात ते गावोगावचं गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत. हिरवं पाणी एकाएकी निवळलं तर समजायचं, विषाणू आला. मग बशीत भोकं पाहायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी लेकीच्या सासरची मंडळी पहिल्यांदाच घरी मुक्कामाला येणार होती. त्या सुमारास एका सकाळी मी दार उघडते तो खालून सरांची हाक आली. धावत गेले. बरणीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. पाणी चकाकत होतं, आणि तळाशी हिरवा, मऊ थर बसलेला होता.

"पाह्य! निवळलं! रातोरात निवळलं!" सर ओरडले.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटलं, असंच होत असावं. पाचच मिनिटांत सर टोपी घालून बाहेर पडले आणि गोरस पाकाचे दोन मोठे पुडे घेऊन आले. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी दोन दोन वाटले. "आपल्या वडनेरच्या शेवाळाला आपल्याच पाण्याचा व्हायरस लागला," असं सांगत. लोकांनी अभिनंदन केलं. कोणाला काय झालं ते कळलं नव्हतं, पण गोरस पाक ताजा होता.

संध्याकाळी मी कामावरून आले तर सर बरणीसमोर स्टूल टाकून बसलेले. त्यांनी ड्रॉपरनं बरणीतलं थोडं पाणी घेतलं आणि सरळ जिभेवर टाकलं. मी "सर!" म्हणून ओरडले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ जीभ टाळूला लावून बसले.

"तुरटी," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "ऐकलं का? बरणीत तुरटी फिरवली का कोणी?"

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. "मीच फिरवली. पाव्हणे येऊन राह्यले न जी. दारात असं हिरवं पाणी बरं दिसते का? तुमी म्हनलं व्हतं का बरणीतलं पाणी फेकाचं नाई. मी फेकलं नाई. माठात फिरवतो तशी तुरटी फिरवली न् झाकून ठेवलं. साफच त केलं!"

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची हे आमच्याकडे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. तुरटीनं मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. शेवाळही तसंच बसलं होतं. विषाणूचा काही संबंध नव्हता.

मला वाटलं, आता भांडण होणार. सर काकूंना काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, खाली थर आहे का?"

"आहे ना. हिरवा, जाड थर आहे."

"सकाळी होता?"

"होता."

थर दिसला असता तर वर्गातल्या कोणत्याही पोट्ट्यानंही सांगितलं असतं, की हे फुटलेलं शेवाळ नाही, खाली बसलेलं आहे. तो थर सगळ्या गल्लीला दिसत होता. सरांना दिसला नव्हता. मला ते तेव्हा नीट समजलं नाही. काकूंना समजलं. त्या दारातून खाली आल्या, बरणीच्या तळाशी बोट टेकवून म्हणाल्या, "अजी, हे दिसते का?" मग बोट बाजूला नेलं. "आन् हे?"

"समोरचं दिसते," सर म्हणाले. "खालचं, बाजूचं नाई दिसत आता."

काचबिंदू होता. सरांना तो दोन वर्षांपासून ठाऊक होता. डोळ्यांत घालायचे थेंब ते फ्रिजच्या दारात शेवाळाच्या खाद्याच्या बाटल्यांमध्ये ठेवत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकवायची, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. स्कूटर त्यांनी "पेट्रोलचा वास नाई सहन होत" म्हणून बंद केली होती. दाराच्या चौकटीला खांदा लागे तेव्हा काकू म्हणत, "यायचं ध्यान कुठी रायते कोणाले मालूम." ते सगळं एका क्षणात उलगडलं, आणि काकू बरणीशेजारी ओट्यावर बसून राहिल्या.

सरांनी मात्र टोपी घातली. "कुठी चालले?" काकूंनी विचारलं.

"सकाळी सांगतलं ते खोटं होतं. सांगून यायला पाह्यजे."

आणि ते खरोखर घरोघरी गेले. मी सोबत गेले, अंधार पडू लागला होता म्हणून. प्रत्येक दारात तेच: "सकाळी चूक झाली. व्हायरस नव्हता, तुरटी होती." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं गंभीरपणे विचारलं, "मंग सर, गोरस पाक वापस कराचा का? दोन्ही खाल्ले न जी आम्ही." सर म्हणाले, "राहू दे. खरं निघालं का पुन्हा आणीन."

पाहुणे येऊन गेले. त्यानंतर घराची रीत बदलली. काकूंनी स्वतःहून बशा हातात घेतल्या. पहिल्यांदा त्यांनी सरांना काही विचारलंही नाही. चायना ग्रास उकळून पाहत होत्या. वड्या करायला वापरतो तेच, बशीत शेवाळाचा थर धरायला ते लागतं. सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सूचना देत. "हात लावायच्या आधी स्पिरिट." "माह्या हाताले स्पिरिट, आन् तुमच्या तोंडाले काई नाई का?" असं चाले. बशांवर बुरशी यायची. शेवाळ पिवळं पडायचं. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन काय असतं ते सांगायला नको. काकू बशा ओल्या वाळूत, माठाच्या बुडाशी ठेवत आणि दिवसातून कितीदा तरी वाळूवर पाणी शिंपत. तरी बहुतेक मेल्या. सर दर आठवड्याला डोळ्यांसमोर बोटं धरून, हळूहळू कडेला नेत, कुठवर दिसतात ते पाहत. आम्हाला कळू नये म्हणून केस विंचरल्यासारखं करत. आम्हा दोघींना कळत होतं.

एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हाला पटलं का हे विषाणूचं?"

"पटाचं काय त्याच्यात," काकू म्हणाल्या. "त्यायले पाहाचं हाय. नजर हाय तोवर पाहू द्या."

पावसाळा गेला. दिवाळीनंतर मी अल्लीपूरला गेले होते तेव्हा त्याच हौदाचं पाणी आणलं. घासला नव्हता, शेतकऱ्यानं तसं आवर्जून सांगितलं. काकूंनी ते गाळून दोन बशांपैकी एकीवर टाकलं. दुसरीवर उकळून गार केलेलं पाणी टाकलं. कोणत्या बशीत काय हे मला सांगायचं नाही, असा सरांचा हुकूम होता.

काही दिवसांनी सकाळी काकू जिना चढून माझ्या दारात आल्या. हाताला फोडणीचा वास, धाप लागलेली. "खाली ये, माय. काई बोलू नको. नुसती पाह्य."

मी पाहिलं. एक बशी सलग हिरवी होती. दुसरीत गोल, स्वच्छ भोकं होती. उन्हात धरली तर जमिनीवर पडलेल्या हिरवट सावलीत उजेडाचे ठिपके पडत होते.

सरांनी आम्हाला वेगवेगळं बोलावून विचारलं, कोर्टात विचारतात तसं. भोकं गोल आहेत का? कडा साफ की विस्कटलेल्या? तळाशी थर आहे? बुरशीचे धागे? माझी उत्तरं ऐकली, काकूंची ऐकली, मग बशी मागितली. खिडकीत उभं राहून डोळ्यांसमोर धरली, वर केली, खाली केली, मान तिरकी केली. त्या हिवाळ्यात त्यांच्या नजरेची फट फार लहान झाली होती, आणि जे दिसे तेही धुरकट.

"हिरवं दिसते," शेवटी सर म्हणाले. "भोकं नाई दिसत."

मी म्हटलं, "सर, आहेत. आम्ही दोघींनी पाहिलीत."

"असतीन. पण मी पाह्यलं नाई, तर पाह्यलं म्हणणार नाई."

काकूंनी त्यांच्या हातातून बशी घेतली आणि टेबलावर ठेवली. झाकण तसंच राहू दिलं. मग सरांचं बोट धरून त्या काचेवर टेकवलं. "हे एक." बोट सरकवलं. "हे इथी दुसरं. याच्याजवळ हे लहान." सरांनी डोळे मिटून घेतले. काकू त्यांचं बोट एका भोकावरून दुसऱ्यावर नेत राहिल्या. गार काच, त्याशिवाय बोटाला काही लागत नसणार. तरी मधे एकदा सर म्हणाले, "थांब. हे मोठं हाय का गं?" आणि काकू म्हणाल्या, "हो. सगळ्यात मोठं."

गोरस पाक मीच आणला. या वेळी सर घरोघरी गेले नाहीत. काकू गेल्या, आणि काय सांगायचं ते सरांनी त्यांच्याकडून आधी दोनदा म्हणवून घेतलं.

खरी गोष्ट त्यापुढची. सरांना भोकांइतकाच भोकांच्या आत पुढे काय होतं यात रस होता. भोकात एखादी पेशी वाचून पुन्हा वाढते का? वाचली तर कशी वाचली? तिनं विषाणूला आत येऊच दिलं नाही, की येऊ दिलं आणि त्याचं काही ठेवून घेतलं? हे डोळ्यांनी कळत नाही, जनुकं वाचावी लागतात. पुढे त्या बशीतला नमुना पुण्याला, सरांच्या त्या विद्यार्थ्याकडे, पाठवला आणि तो प्रवासातच मेला. त्यामुळे उत्तर मला आजही माहीत नाही. पण त्या सकाळनंतर काकू रोज बशी उघडून न पाहता, झाकणावरून पाहत. एका दुपारी मी सुट्टीमुळे घरी होते. सर खुर्चीत बसले होते, चेहरा खिडकीकडे.

"अजी, त्या मोठ्या भोकात मधोमध एक टिपका आला," काकू म्हणाल्या. "हिरवा. मोहरीच्या दाण्याहून लहान."

सर उठले, टेबलापर्यंत आले, पण बशीकडे वाकले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"त्याले हात लावू नको," ते म्हणाले. "तो वाचला हाय. काय घेऊन वाचला, हे पाहायचं आता माह्याच्यानं होत नाई. दुसऱ्या कोणाले तरी पाहावं लागीन."

काकूंनी खिडकीचा पडदा सारला, बशी उजेडात सरकवली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"दुसरं कोण कायले पाह्यजे?" त्या म्हणाल्या. "सांगा, काय काय पाहाचं ते."